उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरातील पारलिंगी स्त्रिया आणि लिंगओळखीची कायदेशीर नोंद

प्रस्तुत विषयाचा विचार करताना दोन दाखल्यांमधील भेद प्रथम ध्यानात घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी ‘नालसा’ खटल्यात व्यक्तीने स्वतः ठरविलेल्या लिंगओळखीस मान्यता दिली व त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह बेकायदेशीर ठरविला. २०१९ च्या मूळ कायद्याने मात्र कलम ६ अन्वये केवळ ‘ट्रान्सजेंडर’ असा दाखला देऊ केला. ‘स्त्री’ अशी नोंद हवी असल्यास कलम ७ अन्वये शस्त्रक्रियेचे वैद्यकीय प्रमाणपत्र आवश्यक केले. न्यायालयाने दूर केलेली अट मागील दाराने परतली, असेच म्हणावे लागते.

ही तिन्ही शहरे ठाणे जिल्ह्यात मोडत असल्याने अर्ज ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे करावयाचा होता. २०२० च्या नियमांनुसार पहिल्या दाखल्यास प्रतिज्ञापत्र पुरेसे होते, वैद्यकीय तपासणी नव्हती. परंतु सलग १२ महिन्यांचे वास्तव्य अपेक्षित होते. घर सुटलेल्या, गुरूच्या आश्रयाने राहणाऱ्या स्त्रीच्या नावे भाडेकरार वा वीजबिल बहुधा नसतेच. (१९४९ मध्ये निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरास ही ओढाताण अपरिचित नसावी.)

नोंदीवाचून काय अडते, हे जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे दिसले. ग्रामपंचायतीच्या स्त्रियांसाठी राखीव जागेवरील अंजली पाटील यांचा उमेदवारी अर्ज फेटाळण्यात आला होता. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, यापुढे पुरुष म्हणून ओळख बदलणार नाही हे त्यांचे निवेदन नोंदवून, त्यांना स्त्री म्हणून निवडणूक लढविण्यास मुभा दिली. त्या निवडूनही आल्या.