पिंजऱ्याआडचा कुत्रा काय सांगतो?

शेपूट हलवणारा कुत्रा चावत नाही, ही समजूत इतकी रुळलेली आहे की ती तपासून पाहावी असे सहसा कोणाला वाटत नाही. वस्तुतः शेपूट हलण्याचा अर्थ एवढाच की कुत्रा उत्तेजित झालेला आहे. ती उत्तेजना आनंदाची, भीतीची की रागाची, हे नुसत्या हलण्यावरून कळत नाही.

मग कशावरून कळते? विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही लंबकाचा प्रयोग केला असेल. आंदोलनाचे वर्णन करताना आपण त्याची मध्यस्थिती, आयाम आणि वारंवारता पाहतो. शेपटीलाही हेच लावून पाहा. मध्यस्थिती पाठीच्या रेषेजवळ, आयाम मोठा, आणि शेपटीबरोबर कंबरही हलते आहे, तर कुत्रा बहुधा खुशीत आहे. शेपूट ताठ उभे, आयाम लहान आणि वारंवारता मोठी, म्हणजे शेपटीचे टोक नुसते थरथरते आहे, तर दूर राहावे. शेपूट पोटाखाली दडपलेले आणि तेथेच हळूहळू हलत असेल, तर कुत्रा भ्यालेला आहे.

गंमत अशी की हे आंदोलन दोन्ही बाजूंना सारखे नसते. इटलीतील क्वारांता, सिनिस्काल्की आणि वालोर्तिगारा या संशोधकांनी २००७ साली ३० पाळीव कुत्र्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. मालक समोर आला की शेपूट कुत्र्याच्या उजवीकडे अधिक झुकत होते, आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. शरीराच्या उजव्या बाजूवर मेंदूच्या डाव्या अर्धाचे नियंत्रण असते आणि डाव्या बाजूवर उजव्या अर्धाचे. जवळ जाण्याची ओढ आणि मागे हटण्याची प्रवृत्ती यांची केंद्रे मेंदूच्या वेगवेगळ्या अर्धांत असावीत, या कल्पनेशी हे जुळते. २०१३ साली त्यांनी दाखवले की डावीकडे हलणारे शेपूट पाहिल्यावर दुसऱ्या कुत्र्यांच्या हृदयाचे ठोके वाढतात. हा फरक मोजण्यासाठी चित्रफीत लागते. रस्त्यात उभे राहून तो ओळखण्याच्या फंदात पडू नये.

केवळ शेपटीकडे न पाहता सबंध शरीर पाहावे, हे चार्ल्स डार्विनने १८७२ साली भावनांच्या आविष्कारावरील ग्रंथात मांडले होते. चालून जाणारा कुत्रा ताठ चालतो, त्याचे केस उभे राहतात, कान पुढे येतात, नजर रोखलेली असते. त्याच कुत्र्याने आपला मालक ओळखला की शरीर खाली झुकते, वळवळते, कान मागे पडतात, ओठ सैल होतात. विरुद्ध भावनेसाठी विरुद्ध हालचाली, असा नियम त्याने यातून काढला.

पण आश्रयगृहातील कुत्रा वाचणे याहून कठीण असते. मालकाने सोडलेला, हरवलेला किंवा रस्त्यावरून उचललेला कुत्रा एकाएकी अनोळखी वासांत, अनोळखी माणसांत आणि मुख्य म्हणजे भयंकर आवाजात येऊन पडतो. सिमेंटच्या भिंती आणि लोखंडी गज ध्वनी शोषून घेत नाहीत, परावर्तित करतात. एक भुंकला की सगळे भुंकतात. अशा ठिकाणी ध्वनीची पातळी १०० डेसिबेलच्याही वर गेल्याची नोंद आहे. आपले साधे बोलणे सुमारे ६० डेसिबेलचे असते. दर १० डेसिबेलला तीव्रता दसपट होते, म्हणजे हा फरक चौपट नसून दहा हजार पटींचा आहे! त्यातून आपल्याला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंतचे ऐकू येते, तर कुत्र्याला सुमारे ४५,००० हर्ट्झपर्यंतचे. साखळ्यांचा आणि कड्यांचा जो किणकिणाट आपल्या कानांना जेमतेम जाणवतो, तो त्याला किती झोंबत असेल याचा विचार करा.

अमेरिकेत ओहायो राज्यातील डेटन येथे मायकेल हेनेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा आश्रयगृहातील कुत्र्यांच्या रक्तातील कॉर्टिसॉल मोजले. शरीरावर ताण आला की अधिवृक्क ग्रंथींतून हे संप्रेरक अधिक स्रवते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिल्या तीन दिवसांत कॉर्टिसॉल बरेच चढलेले आढळले; नऊ दिवसांहून अधिक काळ राहिलेल्या कुत्र्यांत ते कमी होते. रक्त काढताना होणारी वाढ मात्र शांतपणे कुरवाळल्याने रोखता येत होती.

हा ताण बाहेर दिसतो कसा? नाकावरून किंवा ओठांवरून जीभ फिरते, पण समोर खाणे नसते. झोप नसताना जांभया येतात. तोंड दुसरीकडे वळलेले, पण डोळे आपल्याकडे, त्यामुळे बुबुळाच्या कडेला पांढरा भाग दिसतो. एक पंजा उचललेला राहतो. अंग ओले नसताना ते झाडले जाते. (ओला कुत्रा सेकंदाला साधारण चार-पाच वेळा अंग झाडतो आणि उंदीर सुमारे तीस वेळा; शरीर जेवढे लहान तेवढी वारंवारता अधिक ठेवावी लागते. पण हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) यातली एखादी खूण एकटी फारसे काही सांगत नाही, उन्हाळ्यात धापा सगळेच टाकतात. तीन-चार खुणा एकत्र दिसल्या, तर त्या भ्यालेल्या कुत्र्याला थोडे अंतर द्यावे. मांडीवर डोके ठेवणारा कुत्रा आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेला कुत्रा यांत दुसऱ्याला ‘शहाणा’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. तो शहाणा नसतो, गोठून गेलेला असतो.

गुरगुरणे ही सूचना आहे. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारले, तर भीती तशीच राहते आणि सूचना तेवढी बंद होते. लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानात घ्यावी. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठातील अभ्यासात असे दिसले की दात विचकणारा कुत्रा हसतो आहे, असे पुष्कळ लहान मुलांना वाटते. अनोळखी कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये, त्याच्यावर वाकू नये, डोक्यावरून हात नेऊ नये. कडेने उभे राहावे आणि यायचे की नाही ते त्याला ठरवू द्यावे. चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लशीसाठी ताबडतोब दवाखान्यात जावे.

आता ज्या प्रश्नावर कुत्र्याचे जगणे-मरणे ठरते, त्याकडे वळू. अमेरिकेतील आश्रयगृहांत कुत्रा घरी देण्यायोग्य आहे का, हे ठरवण्यासाठी एक चाचणी घेत असत. कुत्रा खात असताना काठीला लावलेल्या खोट्या हाताने त्याचे भांडे ओढायचे. तो हातावर धावून गेला, तर नापास. आणि नापासांतील अनेकांना मारून टाकले जाई. वास्तविक येथे खाण्यावरून धावून जाणारे अनेक कुत्रे पुढे घरी गेल्यावर तसे वागत नाहीत, हे नंतरच्या पाहणीत दिसले. पॅट्रोनेक आणि ब्रॅडली यांनी २०१६ साली अशा चाचण्यांची तुलना नाणेफेकीशी केली. त्यांचा मुद्दा समजायला साधे अंकगणित पुरते.

समजा, १०० कुत्र्यांपैकी १० खरोखर धोकादायक आहेत आणि चाचणी १०० पैकी ८० वेळा बरोबर उत्तर देते. दहा धोकादायक कुत्र्यांपैकी ८ पकडले जातील. उरलेल्या ९० निरुपद्रवी कुत्र्यांपैकी २० टक्के, म्हणजे १८, चुकून नापास होतील. एकूण नापास २६. त्यांतले १८ निर्दोष! दोष केवळ चाचणीचा नाही. निरुपद्रवी कुत्रेच मुळात फार असल्यामुळे असे होते. पुढे काही आश्रयगृहांनी ही चाचणी बंद केली आणि कुत्र्याचे रोजचे वागणे अनेक दिवस टिपून ठेवण्यावर भर दिला.

चाचणी सुधारली तर? २०० कुत्र्यांत १० धोकादायक आहेत आणि चाचणी १०० पैकी ९० वेळा बरोबर ठरते असे धरा. नापासांत निर्दोष किती निघतात, ते वर्गात फळ्यावर काढून पाहा.