लस दिली, तरी पार्व्हो कसा?

‘डॉक्टर, दोन लशी झाल्यात याच्या. मग पार्व्हो कसा?’ पशुवैद्यांना हा प्रश्न नेहमीचा. टेबलावर अडीच महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू मान टाकून पडलेलं असतं. उलट्या, रक्ताचे जुलाब, आणि एकदा नाकात बसला की न विसरता येणारा तो वास. बोल लागतो लशीला. खरं तर आड येते ती आईचीच माया.

जन्मल्यावर पहिल्या दिवशी पिल्लू चीक पितं आणि त्यातून आईची प्रतिपिंडं त्याला आयती मिळतात. पण खरा विषाणू कोणता आणि लशीतला दुबळा केलेला कोणता, हे या प्रतिपिंडांना कळत नाही. त्या दोघांनाही निकामी करतात. पुढे ती घटत जातात आणि मधे एक वाईट काळ येतो: रोग अडवायला ती अपुरी, पण लस वाया घालवायला पुरेशी. हा काळ एकाच वेतातल्या दोन पिल्लांतही वेगवेगळा असतो. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, वयाचे सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत लस टोचत राहायची. सर्वांत मोलाचा डोस शेवटचा, आणि लोक नेमका तोच चुकवतात.

पार्व्होचा विषाणू तसा नवा. मांजरांच्या एका जुन्या विषाणूच्या गोतातला. १९७८मध्ये तो कुत्र्यांत आढळला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. भराभर विभागणाऱ्या पेशी तो गाठतो, म्हणजे आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा. अस्तर झडतं, पांढऱ्या पेशी घटतात, आतड्यातले जीवाणू रक्तात शिरतात. उपचारांचा भर सलाइन, उलटीचं औषध आणि अँटिबायोटिक्सवर. ते वेळेत मिळाले तर बहुतेक पिल्लं वाचतात. ताक-भातावर दोन दिवस काढले तर कठीण.

या विषाणूला स्निग्ध आवरण नसल्याने सॅनिटायझर त्याच्यापुढे फिका. सावलीतल्या मातीत तो महिनोन्‌महिने टिकतो, चपलेच्या तळव्याला लागून तिसऱ्या मजल्यावरही पोचतो. फरशी आधी धुऊन, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण तिच्यावर दहा मिनिटं ठेवावं. माणसाला या रोगाची बाधा होत नाही.

पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू कुणी ‘फुल्ली व्हॅक्सिनेटेड’ म्हणून विकत असेल, तर त्याच्याकडे कार्ड मागा आणि तारखा स्वतः मोजा.