ठिणगी येते कुठून?

मार्च महिना. ताडोबाच्या रानात साग उघडाबोडका झालाय, त्याची सुपाएवढी पानं खाली पसरलीत. पाऊल टाकलं की कर्रर्र!

एक गंमत करून बघा. वाळलेलं एखादं पान भल्या पहाटे चुरगाळा, दुसरं भर दुपारी. पहाटेचं नुसतं वाकतं, दुपारच्याचा भुगा होतो. कारण? रात्री पानाने हवेतला ओलावा शोषलेला असतो, तो उन्हाने उडून जातो. असं कोरडंठक्क पान पेटायला कितीसा वेळ?

आगीला तीन गोष्टी लागतात: जळण, हवा आणि उष्णता. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात उन्हाळ्यात पहिल्या दोन तयारच असतात. तिसरी ठिणगीभर पुरते.

तळहात घासले की गरम होतात ना? सुसाट आलेली बंदुकीची गोळी दगडावर आपटली की तिच्या वेगाचीही अशीच उष्णता होते. तापलेले तुकडे गवतात उडाले की संपलंच! एप्रिल 2017 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात एकाने स्फोटक भरलेल्या लक्ष्यावर गोळी झाडली, त्याचा स्फोट झाला आणि सुमारे 47 हजार एकर रान होरपळलं.

आपल्याकडे ठिणगी बऱ्याचदा येते ती न विझवलेल्या बिडीतून, नाहीतर मोहाच्या झाडाखालून. मोहाची फिकट, रसाळ फुलं पहाटे टपटप गळतात आणि पाचोळ्यात हरवतात. वेचताना ती नीट दिसावीत म्हणून काही जण पाला पेटवून देतात. वारा सुटला की त्याचा वणवा होतो. जाड सालीचा मोठा मोह बहुधा तगतो, पण त्याची इवली रोपं जळतात. मग पुढे फुलं देणार कोण?

वनविभाग 15 फेब्रुवारी ते 15 जून डोळ्यांत तेल घालून जागतो. पट्टे आधीच साफ करून जाळरेषा काढतो, म्हणजे आगीला पुढे खायला काही उरत नाही. उपग्रह आकाशातून उष्णता टिपतात आणि डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून इशारा मोबाइलवर येतो.

पण उपग्रहाला आग दिसते ती लागल्यावर. ती लागूच न देणं माणसालाच जमतं. तुमच्या घरचं कुणी मोहफुलं वेचायला जात असेल, तर सांगा: पाला खराट्याने बाजूला सारा, नाहीतर झाडाखाली जाळी बांधा. फुलंही मातीशिवाय मिळतील, आणि रोपंही वाढतील!