अपडेटचे वेळापत्रक

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी हे दोन तालुके सातपुड्याच्या रांगांत वसलेले आहेत. गावे पाड्यापाड्यांत विखुरलेली आणि मध्ये डोंगर. मोबाइलच्या मनोऱ्यातून निघणाऱ्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. त्यामुळे डोंगराच्या एका अंगाला नेटवर्क उत्तम, तर दुसऱ्या अंगाला जवळजवळ नाहीच, असा अनुभव येथे नवा नाही. पण शिक्षकांची माहिती भरणे आणि अंगणवाडीतील मुलांच्या वजनाच्या नोंदी ही कामे आता फोनवरच करावी लागतात. अशा वेळी जेमतेम नेटवर्क मिळावे, आणि तेवढ्यात फोनने स्वतःचे अपडेट उतरवून घेण्यात ते संपवून टाकावे, हे कोणाला आवडेल? मग सोपा मार्ग सुचतो: अपडेट कायमचे बंदच करून टाकावे.

हा मार्ग सोपा आहे, पण बरोबर आहे का? त्यासाठी अपडेट म्हणजे नेमके काय ते पाहू.

शुद्धिपत्र आणि चोर

फोनमध्ये जे काही चालते ते सॉफ्टवेअरच्या, म्हणजे आज्ञावलीच्या जोरावर. अँड्रॉइडसारखी कार्यप्रणाली लाखो ओळींच्या आज्ञांची बनलेली असते. एवढ्या मोठ्या लिखाणात चुका राहणारच. पाठ्यपुस्तकात चुका सापडल्या तर मंडळ सारे पुस्तक पुन्हा छापत नाही, शुद्धिपत्र काढते. अपडेट हे बहुतेक वेळा असेच शुद्धिपत्र असते. जुन्या आणि नव्या आवृत्तीत जेवढा फरक, शक्यतो तेवढाच पाठवला जातो. म्हणूनच काही अपडेट २० एमबीचे असते, तर कार्यप्रणालीची नवी आवृत्ती दीड-दोन जीबीची.

परंतु पुस्तकातील चूक आणि आज्ञावलीतील चूक यांत एक मोठा फरक आहे. पुस्तकातील चुकीने विद्यार्थ्याचा गोंधळ होईल. आज्ञावलीतील काही चुका मात्र घराच्या भिंतीतील फटीसारख्या असतात. त्यांतून चोर आत शिरू शकतो. २०१५ मध्ये अँड्रॉइडच्या चित्रफिती हाताळणाऱ्या भागात 'स्टेजफ्राइट' नावाची अशीच फट सापडली. खास रीतीने बनवलेला चित्रफितीचा संदेश फोनवर आला, तरी तेवढ्यावर फोनचा ताबा परक्याच्या हाती जाण्याचा धोका होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून गूगलने सुरक्षेच्या दुरुस्त्या दर महिन्याला प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली.

आता गंमत अशी, की शुद्धिपत्र चोरही वाचतो. जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून पाहिली, की फट कोठे होती ते त्याला कळते. म्हणजे दुरुस्ती प्रसिद्ध झाल्यावर ज्यांनी ती बसवली ते सुरक्षित होतात, पण ज्यांनी बसवली नाही त्यांचा धोका पूर्वीपेक्षा वाढतो. २०१७ मध्ये संगणकांच्या बाबतीत हेच झाले. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजी विंडोजमधील एका फटीची दुरुस्ती प्रसिद्ध केली. १२ मे रोजी त्याच फटीतून 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर विषाणू पसरला. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याने बंद पाडले. त्यांत ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचेही संगणक होते. औषध जवळजवळ दोन महिने उपलब्ध होते; ते घेतले गेले नव्हते, इतकेच.

आपल्या फोनमध्ये चोरण्यासारखे काय आहे, असे कोणी म्हणेल. याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. आज आधार, बँक खाते आणि मोबाइल क्रमांक एकमेकांना जोडलेले आहेत, आणि व्यवहाराचा ओटीपी फोनवरच येतो. तेव्हा फोनचे कुलूप हे आता घराच्या कुलपाइतकेच महत्त्वाचे झाले आहे.

दुसरी बाजू

मग आलेले प्रत्येक अपडेट त्या क्षणी बसवावे का? तसेही नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने जगभरच्या संगणकांना एकाच वेळी एक सदोष अपडेट पाठवले. चूक ध्यानात येऊन ते दीड तासाच्या आत मागे घेण्यात आले. तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले होते. भारतातील काही विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. म्हणूनच फोनची अपडेटे बहुधा टप्प्याटप्प्याने सोडली जातात: आधी थोड्या फोनांना, आणि सारे ठीक दिसले तर बाकीच्यांना. शेजाऱ्याला अपडेट आले आणि आपल्याला नाही, याचे एक कारण हे असते.

आणखी एक अडचण म्हणजे अपडेट नवे असते, पण फोन जुनाच राहतो. आज्ञावली दर वर्षी वाढत जाते. फोनची स्मृती वाढत नाही. महाराष्ट्र शासनाने २०१९ मध्ये अंगणवाडी सेविकांना स्मार्टफोन दिले. त्यांची रॅम २ जीबी होती. २०२१ मध्ये नोंदींसाठी 'पोषण ट्रॅकर' हे नवे ॲप आले. या फोनांवर ते नीट चालत नाही, फोन तापतात आणि अडकतात, अशा तक्रारी सुरू झाल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर हजारो सेविकांनी आपले फोन शासनाला परत केले. कुपोषणाशी झगडणाऱ्या जिल्ह्यात बालकाच्या वजनाची नोंद वेळेवर न होणे ही लहान गोष्ट नव्हे. म्हणून फोन घेताना किंमतीबरोबरच त्याची रॅम किती आणि कंपनी किती वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या देणार, हे विचारले पाहिजे. काही महागड्या फोनांना आता सात वर्षांची हमी मिळते. स्वस्त फोनांना बहुधा त्याहून बरीच कमी.

अपडेट बसते कसे?

अपडेट फोनवर उतरले की फोन आधी त्याची 'डिजिटल स्वाक्षरी' तपासतो. दाखल्यावर मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का पाहतात, तशीच ही तपासणी. वाटेत कोणी एक अक्षर जरी बदलले, तरी स्वाक्षरी जुळत नाही आणि फोन ते अपडेट नाकारतो. २०१६ पासून अँड्रॉइडमध्ये आणखी एक सोय आली. कार्यप्रणालीसाठी फोनमध्ये दोन कप्पे ठेवायचे. एका कप्प्यावर फोन चालू असताना दुसऱ्यात नवी आवृत्ती लिहायची, आणि फोन बंद करून पुन्हा सुरू केला की दुसऱ्या कप्प्यावर जायचे. काही बिघडले तर पहिला कप्पा शाबूत असतोच. मात्र ही सोय सर्वच फोनांत नसते. ज्यांत नाही, त्यांत अपडेट चालू असताना बॅटरी संपली तर फोन सुरूच न होण्याची भीती असते. म्हणून बॅटरी निम्म्याहून अधिक भरलेली असावी, किंवा फोन चार्जरला लावलेला असावा. भारनियमन असलेल्या गावी तर हे ध्यानात ठेवलेच पाहिजे.

वेळापत्रक कसे लावावे?

अपडेट घ्यायचे की नाही, हा प्रश्न आपण बाजूला ठेवू. ते घ्यायचेच आहे. कधी, कोठे आणि कोणते आधी, हे मात्र आपण ठरवायचे. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

१. प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर बोट ठेवून सेटिंग्जमध्ये जावे. तेथे नेटवर्कच्या आवडीनिवडींत 'ॲप्सचे ऑटो-अपडेट' सापडते. त्यात साधारणपणे तीन पर्याय असतात: कोणत्याही नेटवर्कवर, फक्त वायफायवर, किंवा अजिबात नाही. ज्यांचा डेटा मोजका आहे त्यांनी मधला पर्याय निवडावा.

२. स्वयंचलित अपडेट बहुधा फोन वायफायवर, चार्जरला लावलेला आणि वापरात नसताना होते. रात्री फोन चार्जिंगला लावताना वायफाय बंद करण्याची सवय असेल तर अपडेट महिनोन्महिने होणार नाही. घरी वायफाय नसेल, तर आठवड्यातून एकदा तालुक्याच्या गावी वा शाळेत जेथे ते मिळते, तेथे प्ले स्टोअर उघडून अपडेट हाताने करून घ्यावे.

३. दुसऱ्याच्या फोनचा हॉटस्पॉट हा आपल्या फोनला वायफायच दिसतो! तेव्हा त्या नेटवर्कच्या माहितीत जाऊन ते 'मीटर केलेले' आहे असे नोंदवावे. नाही तर मित्राचा दिवसाचा डेटा आपल्या अपडेटात जाऊ शकतो.

४. सारेच एकदम जमत नसेल तर क्रम ठरवावा. आधी सुरक्षेची दुरुस्ती, बँकेचे व पैसे पाठवण्याचे ॲप, ब्राउझर आणि व्हॉट्सॲप. मग कामाची ॲप्स. खेळ शेवटी, किंवा काढूनच टाकावेत. म्हणजे जागाही मोकळी होते.

५. कार्यप्रणालीची नवी आवृत्ती परीक्षेच्या वा माहिती भरण्याच्या शेवटच्या दिवसांत बसवू नये. चार-आठ दिवस थांबण्यास हरकत नाही. मात्र चार-आठ महिने थांबू नये. बसवण्यापूर्वी छायाचित्रे आणि नोंदींची एक प्रत दुसरीकडे ठेवावी.

६. खरे अपडेट प्ले स्टोअरमधून किंवा फोनच्या सेटिंग्जमधूनच येते. 'तुमचे बँकेचे ॲप अपडेट करा' असे म्हणत व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल हे अपडेट नव्हे. ती उघडणे म्हणजे चोराला आपण होऊन किल्ली देणे.

वर्गात करून पाहण्यासारखे

आठवी-नववीच्या मुलांना येथे गणिताची चांगली उदाहरणे मिळतील. एक बाइट म्हणजे ८ बिट, आणि वेग मोजतात तो बिटमध्ये, हे आधी सांगावे. समजा अपडेट १.५ जीबीचे आहे आणि वेग सेकंदाला १ मेगाबिट. १,५०० एमबी गुणिले ८ म्हणजे १२,००० मेगाबिट. म्हणून वेळ १२,००० सेकंद, म्हणजे ३ तास २० मिनिटे. वेग दहापट झाला तर हेच काम २० मिनिटांत होईल. दिवसाला दीड जीबी डेटा मिळणाऱ्या घरात या एका अपडेटाने त्या दिवसाचा सारा वाटा संपतो, हेही मुलांच्या लक्षात येईल. एकाच फोनवर आईचे व्यवहार आणि दोन भावंडांचा अभ्यास चालत असेल, तर अपडेट कोणत्या वारी, किती वाजता करावे याचे वेळापत्रक मुलांनाच करू द्यावे.

दुसरा उपक्रम घरचा. प्रत्येकाने घरातील फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'सुरक्षा अपडेट' या ओळीसमोरची तारीख वहीत लिहून आणावी. त्या तारखेनंतर सापडलेल्या फटी त्या फोनमध्ये अजून उघड्या असण्याची शक्यता आहे. वर्गातील सर्व तारखांचा वर्षवार तक्ता फळ्यावर मांडला, तर गावातील किती फोनांची दुरुस्ती व्हायची राहिली आहे ते मुलांना स्वतःच मोजता येईल. ज्या फोनला कंपनी आता दुरुस्त्या पाठवत नाही, त्यावर बँकेचे व्यवहार न करणे बरे, हा निष्कर्ष मग शिक्षकांना वेगळा सांगावा लागणार नाही.