जुना चित्रपट, जवळची सोबत

वृद्ध आई-वडिलांसमोर दूरचित्रवाणी सुरू करून आपण कामाला लागलो, की त्यांची करमणूक होते. सोबत मात्र होत नाही. या आठवड्यात एखादा जुना मराठी चित्रपट त्यांच्या शेजारी बसून पाहावा. सह्याद्री वाहिनी डीडी फ्री डिशवर मासिक शुल्काशिवाय दिसते. तिच्या कार्यक्रमांत पुढील नावे आढळल्यास ती वेळ राखून ठेवावी.

‘प्रभात’ने कोल्हापुरात घडवलेला ‘अयोध्येचा राजा’ (१९३२), भालजी पेंढारकरांचा ‘साधी माणसं’ (१९६५) आणि व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ (१९७२). ‘साधी माणसं’ला लता मंगेशकरांनी ‘आनंदघन’ या नावाने संगीत दिले.

शेवटचे दोन चित्रपट आज ऐंशीच्या घरात असलेल्यांच्या तारुण्यातले. तेव्हा कथेविषयी प्रश्नांची सरबत्ती नको. “हा कोणत्या टॉकीजला पाहिलात? बरोबर कोण होते?” एवढेच विचारावे. स्मरणशक्ती मंदावली असली तरी ओळखीचे गाणे जुन्या आठवणी जागवू शकते. तपशील चुकला तरी दुरुस्त करू नये.

खोलीत मंद दिवा असावा. जाहिराती लागताच त्यांना पाणी द्यावे, आधार देऊन चार पावले चालवावे. मध्येच डोळा लागला, तर उरलेली गोष्ट सकाळी चहाच्या वेळी आपण सांगावी.