पन्नास वाव पाण्याखालचे घड्याळ

कोकणातला नाखवा पाण्याची खोली वावांनी मोजतो. दोन्ही बाहू आडवे पसरले असता एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत जेवढा दोर मावतो, तेवढी एक वाव. ज्यांना आपल्या जुन्या दप्तरांत वलंदेज म्हटले आहे आणि ज्यांची वखार १६३७ पासून वेंगुर्ल्यास होती, त्या हॉलंडच्या दर्यावर्दींचेही खोलीचे माप असेच पसरलेल्या हातांचे, आणि इंग्रजांचा फॅदम त्याचाच सख्खा भाऊ. १९५३ साली ब्लाँपँ या स्विस पेढीने पाणबुड्यांसाठी जे घड्याळ सिद्ध केले, त्याला याच मापावरून 'फिफ्टी फॅदम्स', म्हणजे पन्नास वाव, असे नाव मिळाले; कारण साधी दाबलेली हवा पाठीवर घेऊन मनुष्याने फार तर तेवढेच खोल, म्हणजे सुमारे ९१ मीटर, उतरावे अशी त्या काळची समजूत होती.

पेढी स्विस खरी. परंतु त्या घड्याळाचे झाकण काढून आत डोकावणाऱ्याला जी केसासारखी बारीक स्प्रिंग श्वास घेतल्याप्रमाणे आकुंचन-प्रसरण पावताना दिसते, आणि जिला घड्याळजी हेअरस्प्रिंग म्हणून ओळखतात, तिचे कूळ शोधू गेल्यास आपण हॉलंडमधील द हेग या शहरी येऊन पोहोचतो. समुद्राने घड्याळाला दोन प्रश्न घातले होते. मी हेलकावत असताना तू खरी वेळ कशी सांगशील, हा पहिला; आणि माझ्या पोटात शिरून तू कोरडे कसे राहशील, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर एका वलंदेजाने काढले. आणि दुसऱ्याचे उत्तर ज्या रीतीने निघाले, ती रीत त्याच्या देशबांधवांच्या पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेली होती.

ख्रिस्तियान हायगेन्स याचे वडील ऑरेंज राजघराण्याचे चिटणीस आणि नामांकित कवी. मुलाने मात्र गणिताचा ध्यास घेतला, आणि १६५६ च्या नाताळात लंबकाच्या आंदोलनाने घड्याळाची गती बांधून ठेवण्याची युक्ती सिद्ध केली. पुढल्याच वर्षी द हेगचा कारागीर सालोमोन कोस्टर याला अशी घड्याळे करण्याची सनद मिळाली. त्याने त्या वर्षी घडविलेले एक घड्याळ आजही लायडनच्या बूरहावे संग्रहालयात पाहावयास मिळते. दिवसाला पाव तास इकडेतिकडे होणारी चूक या युक्तीने काही सेकंदांवर आली. तथापि हायगेन्सचे लक्ष दिवाणखान्यापेक्षा जहाजाकडे होते. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. सबब निघाल्या बंदराची वेळ दाखविणारे विश्वासू घड्याळ जवळ असेल, तर स्थानिक सूर्याशी तिची रुजुवात घेऊन आपण किती रेखांश पूर्वेस वा पश्चिमेस आलो हे भर समुद्रात सांगता येते. घड्याळ चार मिनिटे चुकले, तर विषुववृत्तावर जहाज एकशे अकरा किलोमीटर चुकते.

या कामासाठी त्याने जोडीने टांगलेली दोन घड्याळे करविली. एक बंद पडले तर दुसरे हाताशी असावे, हा हेतू. १६६५ च्या फेब्रुवारीत आजारपणामुळे अंथरुणावर पडून असता त्यांच्याकडे पाहत राहिलेल्या हायगेन्सला असे आढळले, की दोन्ही लंबक बरोबर परस्परविरुद्ध दिशांना, एकाच ठेक्यात हलत आहेत. आणि ती लय मुद्दाम मोडली तरी अर्ध्या तासाच्या आत ती पुन्हा जुळते. दोन्ही घड्याळे एकाच तुळईला टांगलेली होती, आणि त्या तुळईच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कंपनांतून ती एकमेकांना आवरीत होती. विज्ञानाला समकालनाचा मोठा विषय येथे मिळाला. परंतु जेथे तुळईचे सूक्ष्म कंपन लंबकाला वळण लावते, तेथे तुफानातल्या जहाजाने त्याची काय अवस्था करावी, हेही त्याच खोलीत उघड झाले होते.

तरी त्याने हार मानली नाही. १६८६ साली वलंदेजी ईस्ट इंडिया कंपनीच्या 'आल्कमार' जहाजावरून त्याची लंबकाची घड्याळे केप ऑफ गुड होपला गेली आणि पुढल्या वर्षी परत आली. परतीच्या नोंदींवरून मार्ग काढला, तेव्हा जहाज आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या जमिनीवरून आल्याचे निष्पन्न झाले! हायगेन्सने कंपनीच्या संचालकांपुढे जी कैफियत मांडली ती अशी, की पृथ्वीच्या परिवलनामुळे विषुववृत्ताजवळ वस्तूचे वजन किंचित घटते, म्हणून तेथे लंबक मंद चालतो. ही दुरुस्ती करून गणित पुन्हा मांडताच जहाज निमूटपणे किनारा सोडून समुद्रात गेले. घड्याळाच्या चुकीतून पृथ्वीच्या फिरण्याचा पुरावा हाती आला, परंतु लंबक गुरुत्वाकर्षणाचा किती मिंधा आहे हेही त्यातून सिद्ध झाले.

या मिंधेपणातून सुटण्याची वाट हायगेन्सनेच १६७५ च्या जानेवारीत पॅरिसच्या मुक्कामी दाखविली होती. लहानशा चक्राच्या आसाला सर्पिल स्प्रिंग जोडावयाची. चक्र जितके फिरेल तितक्या प्रमाणात स्प्रिंग त्याला मागे ओढील, आणि त्यामुळे आंदोलन मोठे असो वा लहान, त्याला लागणारा वेळ जवळजवळ सारखाच राहील. या कल्पनेच्या मालकीवरून इंग्लंडच्या रॉबर्ट हूकशी मोठा तंटा झाला. लंबकाला पृथ्वी खाली ओढते, चक्राला मात्र त्याची स्वतःचीच स्प्रिंग. म्हणून डेकवर, खिशात वा मनगटावर ते सारखेच चालते. उष्णतेने स्प्रिंगचा ताण सैलावतो, ही अडचण राहिली. ती दूर करून दर्यावर्दींना खरोखर विश्वासू घड्याळ देण्याचा मान अठराव्या शतकात जॉन हॅरिसन या इंग्रज सुताराकडे गेला.

आता दुसरा प्रश्न. बेम्स्टर हे एके काळचे सरोवर वलंदेजांनी १६१२ साली कोरडे केले. चाळीसहून अधिक पवनचक्क्यांनी पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवून बांधापलीकडे टाकले, आणि आज तेथली शेते समुद्रसपाटीच्या सुमारे साडेतीन मीटर खाली पिकतात. ज्या वाऱ्याने लाटा बांधावर आपटतात, त्याच वाऱ्याला त्यांनी पाणी उपसण्याच्या चाकरीस लावले. त्या चक्क्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या लेघवाटरने तर १६०५ मध्ये पाण्याखाली राहण्याच्या साधनाचे प्रात्यक्षिकही करून दाखविले होते.

पाणबुड्याचे घड्याळ हा असाच मनगटावर बांधलेला इवलासा कोरडा मुलूख होय. पन्नास वाव खोल गेल्यावर तीन सेंटिमीटर व्यासाच्या काचेवर सुमारे पासष्ट किलोंचा, म्हणजे एक धडधाकट गृहस्थ उभा राहिल्याइतका, भार पडतो. पाणी आत घुसू पाहते ते तीन वाटांनी : काचेच्या कडेने, झाकणाखालून, आणि सर्वांत अधिक चावीच्या दांड्याजवळून. ब्लाँपँचे प्रमुख जाँ-जाक फिश्टर हे स्वतः पाणबुडे. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर पाण्याखाली त्यांची हवा संपल्याने जिवावर बेतलेला प्रसंग त्यांच्या स्मरणात होता. त्यांनी चावीला रबरी कड्यांचा दुहेरी पहारा बसविला. आणि झाकण फिरवून आवळताना त्याखालचे कडे पिळवटू नये म्हणून मध्ये धातूची स्वतंत्र चकती घातली. याच सुमारास अन्य स्विस कारागिरांनी अशी पेटी केली, की पाण्याचा दाब वाढेल तसे झाकण रबरावर अधिकच घट्ट बसावे. शत्रूच्याच बळाने दरवाजा लावून घेण्याची ही युक्ती बेम्स्टरच्या गिरणीवाल्याला सांगितली असती, तर त्याला तिचे नवल वाटले नसते.

अशी जुनी घड्याळे आज शौकीन मंडळी मोठ्या किमतीला घेतात. पण त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लायडन भागातील पाण्याचा बंदोबस्त पाहणाऱ्या ऱ्हाइनलँड मंडळाची सनद १२५५ सालची आहे, आणि ते मंडळ आजही चालते. कारण बांध एकदा घातला म्हणजे काम संपले, असे तेथे कोणी मानीत नाही. रबरी कड्याचेही तेच. ते वाळते, चिरते, आणि सत्तर वर्षांपूर्वी पन्नास वाव सोसलेले घड्याळ आज नळाखाली धरण्याच्या लायकीचेही उरत नाही.

किंबहुना त्या एका पेटीत चार निरनिराळ्या गतींनी काळ चालू असतो. स्प्रिंग सेकंदाला पाच ठोके देते. रबर थोड्या वर्षांत निकामी होते. अंधारात उजळणारे काटे आणि अंक काही दशकांत विझतात, कारण रेडियमचा मारा सोसून त्यांतले झिंक सल्फाइड थकते. आणि ते रेडियम मात्र, ज्याचे अर्धायुष्य सोळाशे वर्षांचे, अजून जवळजवळ नव्यासारखेच आहे. म्हणून असे घड्याळ हौसेने घरी उघडू नये, जाणत्या घड्याळजीकडे द्यावे. तबकडी काळवंडली असली, तरी तिच्यावरची धूळ विझलेली नसते.