‘पुढे जाणे’ इंग्रजीत एकच नसते

आपल्या विहारांतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी बरीच मुलं मराठी माध्यमातली असतात. इंग्रजीचे काळ, प्रयोग ती पाठ करतात, पण अडतात फ्रेजल व्हर्बपाशी. दोन्ही शब्द ओळखीचे असले तरी जोडीचा अर्थ त्यातून निघत नाही. ‘एज’ म्हणजे कडा, ‘आउट’ म्हणजे बाहेर. पण ‘एज आउट’ म्हणजे निसटत्या फरकाने हरवणे.

पाठांतरापेक्षा एखादी शर्यत डोळ्यांसमोर आणा. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उसेन बोल्ट १०० मीटर ९.६९ सेकंदांत धावला, दुसरा आलेला ९.८९ मध्ये. पुढे असलेल्याने अंतर आणखी वाढवत नेणे, हे ‘पुल अवे’. २०२४ ला पॅरिसमध्ये नोआ लाइल्स सुरुवातीला सर्वांच्या मागे होता आणि शेवटी किशेन थॉम्प्सनपेक्षा फक्त ०.००५ सेकंदाने सरस ठरला. हे मागून येऊन जिंकणे म्हणजे ‘कम फ्रॉम बिहाइंड’, आणि थॉम्प्सनला त्याने ‘एज आउट’ केले.

मधल्या पायऱ्याही आहेत. ‘कॅच अप’ म्हणजे पुढच्याला गाठणे, ‘ड्रॉ लेव्हल’ म्हणजे बरोबरीला येणे, ‘पुल अहेड’ म्हणजे आघाडी घेणे. ‘कॅच अप’मध्ये आघाडी मिळालेली नसते. पर्याय निवडताना नेमकी इथेच गफलत होते. शिवाय कोणाच्या पुढे ते सांगायचे असेल तर ‘पुल अहेड’नंतर ‘ऑफ’ हवाच; ‘एज आउट’ला तो लागत नाही, आणि ‘हिम’ मध्ये बसतो: ‘एज्ड हिम आउट’. ‘गेट अहेड’ मात्र शर्यतीपेक्षा नोकरीत, आयुष्यात प्रगती करण्यासाठी जास्त वापरतात.

मागे राहण्याचे दोन शब्द समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला अधिक महत्त्वाचे वाटतात. ‘फॉल बिहाइंड’मध्ये मागे पडणारा स्वतःच पडतो, जणू त्याचेच पाय कमी पडले. ‘लीव्ह बिहाइंड’मध्ये कोणीतरी त्याला मागे सोडून गेलेले असते. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये शाश्वत विकासाची उद्दिष्टे ठरवताना ‘लीव्ह नो वन बिहाइंड’ असे वचन दिले, त्यात दुसरा शब्द आहे. मुख्य परीक्षेच्या निबंधात वस्तीतल्या शाळागळतीवर लिहाल, तेव्हा यातला कोणता शब्द वापरता ते तपासा.